सतरा नंबर अजून यायचाय

उत्तम माझा पाठचा भाऊ, सख्खा. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याची गोष्ट ऐकली की लोक विचारतात, हा कोण तुमचा, आणि मग मला छाती काढून सांगायला लागतं. मी सातवीपर्यंत शिकलो आणि लेथवर उभा राहिलो. तो आयटीआय करून खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक लागला. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत गाड्यांच्या रेसचे जेवढे म्हणून वेडे आहेत, त्यांना विचारून बघा. उत्तमकाका म्हटलं की सगळे गप्प बसून ऐकतात. आमच्या घराण्यात असा माणूस दुसरा झाला नाही. आजूबाजूच्या घराण्यांतही झाला नाही.

दर जूनमध्ये एका शनिवारी आमच्या डोंबिवलीच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. तिकडे फ्रान्समध्ये ल माँची चोवीस तासांची रेस सुटते, तेव्हा आपल्याकडे दिवे लागलेले असतात. पोरं टीव्हीला मोबाईल जोडतात, आमची शालन, म्हणजे उत्तमची बायको, साबुदाणा वडे तळते, आणि भांडणं सुरू होतात. एक म्हणतो, रेस म्हणजे ल माँच. दुसरा म्हणतो, छे, इटलीतली ती जुनी हजार मैलांची, गावागावांतनं जायची ती. तिसऱ्याला सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ पाहिजे, जिथे लोक घराच्या भिंतीवर बसून गाड्या बघायचे. कोणी आयल ऑफ मॅनच्या मोटरसायकली काढतो. शेवटी सगळे उत्तमकडे वळतात.

उत्तम म्हणतो, "ज्या रेसमध्ये शेवटचा माणूस येईपर्यंत कोणी घरी जात नाही, ती चांगली."

त्याला जिंकणाऱ्याचं काही पडलेलं नसतं. इटलीच्या रेसमधलं त्याला एवढंच आवडतं, की गाडीवरचा नंबर म्हणजे ती सुटली ती वेळ. नंबर बघितला की कळतं, याला किती उशीर झालाय, याच्यासाठी किती थांबायचं. ल माँमधलं त्याला जुन्या काळचं आवडतं. मोडकी गाडी शेवटच्या रेषेच्या अलीकडे उभी करून ठेवायची, चोवीस तास भरत आले की कशीबशी रांगत रेषेपलीकडे न्यायची, म्हणजे पोचलो असं लागतं. हे तो पोरांना दरवर्षी सांगतो.

"यांना पहिल्याचं नाव विचारा, येणार नाही," शालन कढईपाशी उभी राहून म्हणते. "शेवटच्याचं गोत्र सांगतील."

पोरं हसतात. उत्तम हसत नाही. गेल्या वर्षापर्यंत दिवेलागण झाली की त्याचा एक कान कायम रस्त्याकडे असायचा. टू-स्ट्रोक गाडीचा आवाज लांबून आला की त्याचा हातातला वडा हातातच राहायचा. आवाज जवळ यायचा, इमारतीखालून जायचा, आणि मग त्याला ऐकायचं असायचं, की तो परत वळतोय का.

तो आवाज परत वळायचा. आजकाल अशा गाड्या रस्त्यावर राहिल्यात कुठे? पण उत्तमला तो परत वळलेला ऐकू यायचा.

आता हे कुठून आलं ते सांगतो.

उत्तम तेव्हा नवा नवा नोकरीला लागलेला, लग्न व्हायचं होतं. कल्याणातल्या हौशी लोकांचा एक मोटरसायकल क्लब होता. श्रावणात एका रविवारी त्यांची रेस असायची. कल्याणहून सुटायचं, मुरबाडवरनं माळशेज घाट चढायचा, वरून वळसा घालून परत कल्याणला. आमचं गाव घाटापलीकडे ओतूरकडचं, त्यामुळे तो रस्ता उत्तमला पाठ. क्लबवाल्यांनी त्याला पॉइंट दिला, म्हणजे वाटेवरची एक तपासणीची जागा. पावसात नोंदीचा कागद भिजून लगदा व्हायचा म्हणून त्यांनी डोकं लढवलेलं. प्रत्येकाच्या छातीवर नंबराचा पांढरा कपडा बांधायचा, आणि प्रत्येक पॉइंटवाल्याने त्या कपड्यावर आपल्या रंगाचा ठप्पा मारायचा. मुरबाडला निळा, घाटमाथ्यावर पिवळा, आणि घाट उतरून आल्यावर मोरोशीजवळ लाल. लाल म्हणजे उत्तम. चपलेच्या रबराचा गोल ठप्पा त्याने स्वतः कापलेला, आणि ऑइलपेंटचा डबा. मारुती नावाच्या एका म्हाताऱ्याच्या चहाच्या टपरीसमोर तो उभा राहायचा.

सगळ्यांच्या मागून क्लबची एक जीप यायची. तिला झाडू म्हणायचे. रस्त्यात ज्याची गाडी मेली, ज्याने रेस सोडली, त्याच्या छातीवरचा कपडा झाडूवाल्यांनी काढून घ्यायचा आणि प्रत्येक पॉइंटवाल्याला दाखवायचा. पॉइंटवाल्याने काय करायचं? एक तर कपड्यावर ठप्पा मारायचा, नाही तर कपडा झाडूच्या हातात बघायचा. या दोन्हींतलं एक झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. एवढा एकच नियम. बाकी सगळं हौसेवर.

त्या वर्षी सगळे उतरून गेले, सतरा नंबर राहिला. सतरा नंबर म्हणजे शहाडचा त्र्यंबक. राजदूतवर होता, तीच ती टू-स्ट्रोक फटफटी. उत्तमची त्याची ओळख त्याच सकाळची, सुटताना त्याने उत्तमकडे पान्हा मागितलेला आणि परत देताना म्हणालेला, "लालवाल्या, माझ्यासाठी थांब हां. माझी गाडी आळशी आहे."

पाऊस झोडपत होता. झाडू जीप आली. क्लबचे वयाने मोठे लोक आत बसलेले, काचा बंद. एकाने काच चार बोटं खाली केली.

"सतरा गेला. माथ्याजवळ चेन तुटली त्याची. गाडी ढकलत एका वाडीकडे नेताना बघितलाय आम्ही. चल, बंद कर."

"कपडा?" उत्तम म्हणाला.

"अरे, या पावसात उतरून कपडा कोण काढणार? सोडली त्याने. बस आत, बक्षीस समारंभ खोळंबलाय."

उत्तम पोरगा, ते मोठे लोक. त्याने झाकण लावलं. डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसला.

त्र्यंबकने सोडलेली नव्हती. वाडीतल्या कोणाकडून तार घेऊन त्याने चेन बांधली आणि गाडी आळशी असली तरी घाट उतरून खाली आणली. दिवेलागणीला तो मारुतीच्या टपरीसमोर उभा. मारुतीने पुढे कित्येक वर्षं हे सांगितलं, शब्दही तेच.

"पोराने विचारलं, लाल डबा कुठाय? मी म्हटलं, इथे कोणी नाही बाबा, आटोपलं. तो म्हणाला, नाही, कपडा घ्यायला कोण आलं नाही, म्हणजे पॉइंट उघडा आहे. मग तोच म्हणाला, माझाच पॉइंट चुकला वाटतं, वर राहिला असेल. आणि फिरवली गाडी."

नियम माहीत होता म्हणून तो परत फिरला. दुसरा कोणी असता तर सरळ घरी गेला असता. धुक्यात वरच्या वळणावर कठडा तुटलेला होता. त्र्यंबक दुसऱ्या दिवशी खाली दरीत सापडला.

उत्तम शहाडला गेलेला, पण घरात नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. त्र्यंबकची आई, विमलाबाई, आत बसलेली त्याला दारातनं दिसली. तो तिथूनच परतला, आणि नंतर कधी त्या बाजूला फिरकला नाही.

क्लब त्याच वर्षी मोडला. उत्तमचं मात्र थांबणं सुरू झालं. दरवर्षी श्रावणातल्या त्या रविवारी तो एसटीने मोरोशीला उतरायचा, नवा डबा, तोच ठप्पा, अंधारून येईपर्यंत उभा. मारुती गेला, टपरीच्या जागी हॉटेल झालं, तरी हा उभा. हॉटेलवाल्याने एकदा विचारलं, "काका, कोणाची वाट बघताय?" हा म्हणाला, "एक जण राहिलाय आमचा." हॉटेलवाल्याने खुर्ची आणून दिली. हा बसला नाही.

घरात याने कुठल्याही डब्याचं झाकण कधी लावलं नाही. साखरेला मुंग्या, पोहे मऊ. शालन सुरुवातीला ओरडायची, मग तिला सगळं कळलं, आणि ती गुपचूप मागनं झाकणं लावत फिरायला लागली. मी त्याला एकदा म्हटलं, "उत्तम, चूक जीपवाल्यांची. तू विचारलंस ना कपडा?"

"विचारला," तो म्हणाला. "बघितला नाही."

त्याला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. तो पॉइंट नीट, नियमाने बंद करायचा. मोठं घर नको, प्रमोशन नको. सतरा नंबरचा हिशोब लागला पाहिजे. तो लागत नव्हता, आणि तोपर्यंत हा माणूस आमच्यात बसून जेवायचा, पण अर्धा तिकडे रस्त्यावर उभा असायचा.

गेल्या वर्षी मितेश आला. जुन्या गाड्या नीट करून चालवणाऱ्या पोरांचा ग्रुप आहे, त्याचा हा पुढारी. बोलायला तोंडाळ, पण मनाने साफ.

"काका, एक भारी सीन करतोय आपण. ती जुनी माळशेजची रेस होती ना, तिची आठवण फेरी. रेस नाही, आरामात. जुन्या गाड्या, जुनाच रूट, कपडे-ठप्पे सगळं सेम टू सेम. लाल पॉइंट तुमचा. तुमच्याशिवाय मजाच नाही."

 उत्तम म्हणाला, "सतरा नंबर कोणाला द्यायचा नाही."

"डन."

"आणि झाडू जीप तू चालवायची."

"काका, मला माझी येझदी चालवायचीय यार." त्याने उत्तमचं तोंड बघितलं. "ओके. जीप मी चालवतो."

त्या रात्री उत्तमला वाटलं, यंदा सुटका होईल. त्याचा विचार साधा होता. त्र्यंबकचा कपडा झाडूने आणून दाखवला नव्हता, तो आता आणायचा. विमलाबाईंकडून कपडा घ्यायचा, मितेशच्या हातात द्यायचा, मितेशने तो पॉइंटवर दाखवायचा, आणि झाकण लावायचं. नियम पुरा.

फेरीच्या आधीच्या गुरुवारी तो शहाडला गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती गल्ली पार केली. विमलाबाई आता ऐंशीच्या पुढे. दार उघडंच होतं.

"कोण रे?"

"मी उत्तम, मावशी. डोंबिवलीचा. मोरोशीचा लाल पॉइंट..."

"कळलं," त्या म्हणाल्या. "बस. चहा घेशील ना?"

त्याने घेतला. कप खाली ठेवला आणि आला त्या कामाचं बोलला. म्हाताऱ्या बाईने उठून देव्हाऱ्याखालच्या फळीवरनं घडी काढली आणि त्याच्यासमोर उलगडली. पांढरा रंग चहासारखा झालेला. काळा सतरा. एक निळा गोल, एक पिवळा गोल, आणि त्यांच्या शेजारी रिकामी जागा.

उत्तमने तो कपडा आयुष्यात पहिल्यांदा बघितला. 

"मावशी, हा मला द्या. परत आणून देतो. हा झाडूच्या हातात दिसला की पॉइंट बंद होतो."

"झाडूला कपडा कोण देतं?"

"जो रेस सोडतो तो."

"माझ्या त्र्यंबकने सोडलेली?"

उत्तमने कपड्यावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, काढून घेतलं.

"सांग ना. तो दमला, गाडी टाकली, अर्ध्यातनं घरी आला, असं लागेल ना कपडा दिला तर? तो तुझ्या जागेवर आलेला. पोचलेला. तू नव्हतास." त्यांनी हे रागाने नाही म्हटलं. भाजीचा भाव सांगावा तसं म्हटलं. मग कपड्याची घडी घातली. "रोज दिवे लागले की नदीकडनं त्याची गाडी येते. खिडकीखाली हळू होते, थांबत नाही, परत वळते. सून म्हणते, आत्या, रिक्षा असेल. मी म्हणते, असेल."

 आपण एकटेच ऐकतो असं उत्तमला इतकी वर्षं वाटायचं.

"परत वळते ना?" त्याने विचारलं.

"वळते. तुला शोधायला जातो तो." घडी फळीवर गेली. "मला काय मागतोस? द्यायचं तुझ्याकडे राहिलंय. ते त्याला दे."

उत्तम रिकाम्या हाताने घरी आला. शालनला म्हणाला, "दिला नाही."

"मग?"

"बरोबर केलं त्यांनी."

रविवारी मीही गेलो. माझ्या भावाचा पॉइंट आणि मी नाही, असं कसं होईल? धुकं असं की समोरचं हॉटेल दिसेना. तरी एकेक गाडी घाटातनं उतरून यायची, राजदूत, येझदी, बुलेट, एक जुनी जावासुद्धा, आणि उत्तम पुढे होऊन ठप्पा मारायचा. इतका सफाईने, की कपड्यावर थेंब जास्त नाही, कमी नाही. असा पॉइंटवाला त्या फ्रान्सवाल्यांकडेही नसेल.

शेवटी मितेशची जीप आली. तो पावसात खाली उतरला, हातात दोन कपडे.

"काका, या दोघांच्या गाड्या वर मेल्या. हे कपडे, हात लावून बघा. बाकी सगळे तुमच्याकडनं गेले. टोटल लागली. लावा झाकण."

उत्तमने दोन्ही कपडे बघितले, परत दिले. झाकण लावलं नाही.

"तुम्ही व्हा पुढे."

"काका, दिवस बुडला. इथे काही दिसत नाहीय."

"एक जण यायचाय."

मितेशने माझ्याकडे बघितलं. मी जीपमध्ये चढलो आणि म्हटलं, गाडी बंद कर आणि बस माझ्या शेजारी. पोरगा बसला. जीपचे दिवे त्याने चालू ठेवले, पण उजेड पुढच्या धुक्यातच संपत होता. त्यात उत्तमची पाठ तेवढी दिसायची, एका हातात डबा, एका हातात ठप्पा.

पाऊस थांबला. सगळं इतकं गप्प झालं की पानांवरनं पडणारं पाणी ऐकू यायला लागलं. आणि मग वरून, घाटातनं आवाज आला. टू-स्ट्रोक. मधेच अडखळायचा, परत धरायचा, तार बांधलेली चेन घासते तसं काहीतरी घासायचं.

"कोण राहिलं यार?" मितेश हळूच म्हणाला. "मी तर मोजलेत."

 माझी जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि मी कशाला घाबरणारा माणूस नाही हे डोंबिवलीत सगळ्यांना माहीत आहे.

आवाज जवळ आला. दिवा दिसला नाही. आवाज उत्तमच्या समोर आला आणि तिथे घुटमळला. उत्तम दोन पावलं पुढे गेला. धुक्याने त्याला कमरेपर्यंत गिळलं. त्याचं बोलणं आम्हाला नीट ऐकू आलं.

"आहे मी," तो म्हणाला. "इथेच आहे. वर नाही राहिला पॉइंट, इथेच होता. तू बरोबर आलेलास."

इंजिन तसंच घुटमळत होतं.

"पोचलास. आता परत वळू नको. सरळ घरी जा."

आवाज चढला आणि आमच्या जीपच्या अंगावरून मुरबाडच्या बाजूला गेला. मितेशने माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की नंतर वळ उठले. आम्ही तिघं कान देऊन होतो. तो वळतोय का ते ऐकत. लांब गेला, आणखी लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. वळला नाही.

उत्तम जीपमध्ये येऊन बसला. डबा मांडीवर, उघडा.

"झाकण लाव की आता," मी म्हटलं.

"ठप्पा कुठे मारला, दादा? हवेत मारू? कपडा पाहिजे ना."  कल्याण येईपर्यंत खड्ड्यात जीप आदळली की लाल रंग त्याच्या पँटवर सांडायचा, आणि तो डबा दोन्ही हातांनी धरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा खाली रिक्षा थांबली. शालनने गॅलरीतनं बघितलं आणि म्हणाली, "अहो, एक आजी आल्यात. घर विचारत एकट्याच जिना चढतायत."

विमलाबाई. दारात धाप टाकत उभ्या. काखेत घडी. शालनने पाणी दिलं, ते पिऊन त्या खाटेवर बसल्या आणि उत्तमकडे बघितलं.

"काल होतास तिथे?"

"होतो."

"काल गाडी दाराशी आली. थांबली. बंद केलेली ऐकली मी. मग स्टँड लावल्याचा आवाज आला, खट करून." त्यांनी घडी उलगडून मांडीवर पसरली. "मार."

उत्तमने उघडा डबा आणला. साय धरलेली, ती त्याने काडीने बाजूला केली, ठप्पा बुडवला, कडेला निथळला.  ठप्पा सरळ बसला. निळा, पिवळा, लाल.

मग शालनने सांगितलं नसताना त्याने झाकण घेतलं, डब्यावर बसवलं, आणि हातोडीने कडेकडेने ठोकलं. पूर्ण गोल. शालन स्वयंपाकघरात निघून गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"ठेवून जा, मावशी," उत्तम म्हणाला. "वाळायला वेळ लागेल. मी संध्याकाळी आणून देतो."

"नाही," त्या म्हणाल्या. "नंबर सोडून जायचा नसतो."

त्यांनी चहा घेतला, एक पोहा शिल्लक ठेवला नाही, आणि उठल्या. आम्ही दोघांनी त्यांना जिना उतरवून रिक्षात बसवलं. रंग ओला होता, घडी करता येईना. म्हणून त्यांनी कपडा दोन्ही हातांनी वरच्या कोपऱ्यांना धरून छातीसमोर पसरला, नंबर बाहेरच्या बाजूला. रिक्षा वळली आणि आमच्या गल्लीतनं, भाजीवाल्यांच्या, शाळेच्या पोरांच्या, दूधवाल्याच्या समोरून सतरा नंबर शहाडच्या दिशेने गेला.